ताईंना विचारा : अभ्यासाला घरात जागा कुठे?

या महिन्यातली चार पत्रं एकत्र घेते आहे. गावं वेगळी, वयं वेगळी, पण चौघांचं विचारणं एकाच अंगाचं आहे: संसार, नोकरी, वय हे सगळं सांभाळून शिकायचं कसं? हा प्रश्न मी जगले आहे. नववीनंतर माझी शाळा सुटली ती १९७३ साली. लग्न झालं, दोन मुलं झाली आणि तिशी गाठल्यावर १७ नंबरचा, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून परीक्षा द्यायचा फॉर्म भरून मी दहावीला बसले. पुढे नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचा पूर्वतयारी अभ्यासक्रम, मग बी. ए., मग ग्रंथालयाचा वर्ग. त्यानंतर सातारा जिल्ह्यातल्या एका वाचनालयात बावीस वर्षं देवघेव सांभाळली. त्या खिडकीतून शिकणारी माणसं जवळून पाहिली. खाली लिहिते ते त्यातलंच.

“पोरीची पुस्तकं उघडायची लाज वाटते”

*ताई, नमस्कार. मी इचलकरंजीत यंत्रमागावर कामाला आहे. वय ४३. आठवीत असताना वडील वारले आणि मागावर उभा राहिलो. एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रात्रपाळी, बारा-बारा तास. मुलगी यंदा नववीत आहे. मला दहावी व्हायचंय, पण घरात कुणाला बोललो नाही. एकदा तिचं गणिताचं पुस्तक उघडून बसलो तर ती म्हणाली, “पप्पा, काय शोधताय?” मी “काही नाही” म्हणून ठेवून दिलं. या वयात जमेल का? आणि वेळ कुठनं आणू? — एक मागवाला*

दादा, तुमच्या पत्रातलं ते “काही नाही” मी पुन्हा पुन्हा वाचलं. दोन वर्षं माझ्याही तोंडात हाच शब्द होता. माझी पुस्तकं तांदळाच्या कणगीमागे असायची. सगळे झोपले की काढायची आणि कंदिलाशी बसायचं. वीज होती, पण दिवा लावला तर कुणीतरी उठेल ही भीती. दोन पानं वाचून होईतो डोळे मिटायचे. वर्ष गेलं, पुस्तक तिसऱ्या धड्यावरच. एका रात्री सासूबाई पाणी प्यायला उठल्या आणि त्यांनी पाहिलं. मला वाटलं, झालं, संपलं आता. त्या म्हणाल्या, “मग उजेडात वाच की. डोळे कशाला फोडतेस?” दुसऱ्या दिवशी त्यांनीच पुस्तक उचलून चुलीजवळच्या फळीवर, मिठाच्या बरणीशेजारी ठेवलं. माझा अभ्यास त्या दिवशी सुरू झाला असं मी मानते. भाकरी तव्यावर असताना एक सनावळ, डाळ शिजेपर्यंत एक समीकरण. पुस्तक समोर दिसत होतं म्हणून हात जायचा.

लपवलेला अभ्यास होत नाही, कारण त्यासाठी आधी घर झोपावं लागतं आणि घर झोपेपर्यंत दिवसभर राबलेला माणूसही झोपेला आलेला असतो. म्हणून वेळेचं नंतर बघू. आधी मुलीला सांगा. आजच सांगा. “मला दहावी व्हायचंय, तू मला गणित दाखवशील का?” एवढंच वाक्य पुरे. पुढच्या वर्षी ती दहावीत जाईल. दोघांची पुस्तकं एक, धडे एक, परीक्षाही एकच. तिला कुणीतरी विचारणारं मिळेल आणि तुम्हाला सांगणारं. घरात तुमच्या पुस्तकाची एक जागा ठरवा. पेटीत नको, कपाटात नको. डोळ्यांसमोर ठेवा.

आता वेळ. तुमची पाळी दर आठवड्याला बदलते. “रोज रात्री नऊला अभ्यास” असं ठरवलंत तर दुसऱ्याच आठवड्यात ते मोडेल, आणि एकदा मोडलं की मन म्हणतं, सुटलं. घड्याळ सोडा. दोन्ही पाळ्यांत चुकत नाही अशी गोष्ट धरा. पाळी सुटून घरी आल्यावरचा पहिला चहा सकाळी असो की रात्री, तो असतोच ना? त्या कपाबरोबर एक पान. एकच. अंगात त्राण असेल त्या दिवशी दोन होतील. नसेल त्या दिवशी एक वाचून झोपा, पण चहा आणि पान यांची गाठ सोडू नका.

गणिताची भीती तुम्ही लिहिली नाहीत, पण ती ओळींमधून दिसते. ५२ पिकाच्या, म्हणजे इंचाला आडवे ५२ धागे असलेल्या कापडाला मीटरमागे मजुरी किती आणि पीक वाढलं की ती किती वाढते, हे तुम्ही कागदाशिवाय सांगता. पाळीत किती मीटर पडलं आणि हप्त्याला हातात काय येणार, हेही. पुस्तकात यालाच प्रमाण म्हणतात, आणि शेकडेवारी त्याच्याच घरातली. पहिला गणिताचा धडा मुलीसमोर तुमच्या मजुरीच्या हिशेबानं सुरू करा. तिलाही तो कुणी असा शिकवला नसेल.

कागदपत्रांचं सांगते. १७ नंबरचा अर्ज राज्य मंडळाच्या संकेतस्थळावर भरतात आणि तो परीक्षेच्या आदल्या वर्षी, पावसाळ्याच्या सुमाराला सुटतो. फेब्रुवारीत जाग आली तर वर्ष जातं, म्हणून आत्ताच तयारी ठेवा. शाळा सोडल्याचा दाखला लागेल. हरवला असेल तर जुन्या शाळेत जाऊन दुय्यम प्रत मागा. अर्ज भरताना एक शाळा संपर्क केंद्र म्हणून घ्यावी लागते. घरापासून जवळची घ्या, कारण तिथं अधूनमधून जावं लागतं. पुस्तकं बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट उतरवून घेता येतात. सगळे विषय एका दमात सुटले नाहीत तर घाबरू नका. राहिलेल्या विषयांची पुरवणी परीक्षा जून-जुलैत असते आणि तेवढेच विषय पुन्हा देता येतात.

कुणीतरी बोलेल, हे मात्र धरून चाला. मी अर्ज द्यायला गेले तेव्हा खिडकीतला माणूस मागच्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाला, “पोरांचा फॉर्म असेल बाईंचा.” मी न बोलता परत आले. पुढच्या सोमवारी पुन्हा गेले आणि तोच अर्ज त्याच खिडकीत दिला. परीक्षेला वर्गात शिरले तर तीन-चार मुली, बाई आल्या म्हणून, उठून उभ्या राहिल्या. मी त्यांच्याच ओळीत जाऊन बसले. प्रश्नपत्रिका हातात पडल्यावर माझ्याकडे कुणी वळून पाहिलं नाही.

आणि दादा, दिवसा राबणाऱ्यानं रात्री शिकायचं, हे आपल्याकडे नवं नाही. शेतकरी आणि मजुरांसाठी जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८५५ साली पुण्यात रात्रीची शाळा काढली होती. तुम्ही त्याच शाळेचे विद्यार्थी आहात असं मी समजते.

“पाच कोर्स घेतले, एकही पुरा नाही”

*ताई, मी ३४ वर्षांची. डोंबिवलीहून रोज फोर्टला जाते, अकाउंट्समध्ये आहे. गेल्या तीन वर्षांत मोबाइलवर जर्मन, फोटोग्राफी, शेअर बाजार, डिजिटल मार्केटिंग आणि कन्नड असे पाच कोर्स घेतले. त्यांतल्या तीन कोर्सचे पैसेही भरले. पहिला आठवडा जोरात जातो, मग थांबतं. कन्नड घेतलं कारण नवऱ्याची आजी निपाणीला असते, ती घरात कन्नडच बोलते आणि मी तिच्यासमोर नुसती हसत बसते. नवरा म्हणतो, आता पैसे घालवू नकोस. मला शिकायची खरंच हौस आहे, की मी स्वतःलाच फसवतेय?*

तुझी हौस खरी आहे गं. हौस नसलेली बाई गर्दीच्या लोकलमधून उतरून घरी आल्यावर पाचव्यांदा नवं काही उघडत नाही. अडलंय ते दुसरीकडे. पाचांपैकी चार विषय तू शिकलीस तरी ते ऐकायला कुणी नाही. जर्मनमधलं पहिलं वाक्य तू कुणाला म्हणून दाखवणार होतीस? पाचव्याच्या दुसऱ्या टोकाला मात्र जितंजागतं माणूस बसलंय, आणि पत्रात ते तू एका ओळीत सांगून पुढे गेलीस.

बाकीचे चार सोडून दे. “नंतर करीन” म्हणून बाजूला ठेवू नकोस, मोबाइलमधून काढूनच टाक. उघडताना रोज त्यांची चित्रं दिसतात आणि मनाला टोचत राहतात. गेलेल्या पैशांचा हिशेबही बंद कर.

कन्नडचं असं धर. तुझ्या बोलण्यात ती आधीच आहे. अण्णा, अक्का हे शब्द तिकडूनच आपल्याकडे आलेले. अडकित्त्यातलं “अडके” म्हणजे कन्नडमध्ये सुपारी. आजींच्या पानाच्या डब्यापासूनच सुरुवात कर. “ऊट आयता?” म्हणजे जेवण झालं का. “बेकु” म्हणजे हवं, “बेड” म्हणजे नको. या दोन शब्दांवर स्वयंपाकघरात अर्धा दिवस निघतो. निरोप घेताना आपण “जाते” म्हणत नाही, “येते” म्हणतो ना? कन्नडमध्येही तसंच, “होगि बर्तीनि”, जाऊन येते. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा कृष्णेपलीकडच्या बायका एकदम माहेरच्या वाटल्या होत्या. लिपीला घाबरू नकोस. बाराखडीची मांडणी आपल्यासारखीच आहे, फक्त “ए” आणि “ओ” यांची ऱ्हस्व रूपं वेगळी शिकावी लागतात. पण लिपी सहा महिन्यांनी. आधी कान आणि तोंड.

लोकलमध्ये उभ्यानं लिहिता येत नाही, पण मनात वाक्य जुळवता येतं. रोज जाताना एकच वाक्य जुळव, जे तुला आजींना खरोखर विचारायचंय. गुडघा कसा आहे, सुनेनं भाजी काय केली, पाऊस पडला का. शनिवारी संध्याकाळी आजींना फोन लाव आणि ती सहा वाक्यं बोल. त्या हसतील, दुरुस्त करतील, आणि तू चुकीचं म्हटलेलं शेजारणीला सांगतील. त्या सांगण्यात त्यांचं किती सुख असेल, याचा विचार कर. एखादा शनिवार चुकला तर तो फोन रविवारी तिकडून येईल. मोबाइलमधला कोर्स कधी असं विचारत नाही.

“संध्याकाळी शिकलेलं सकाळी पुसलेलं असतं”

*सप्रेम नमस्कार. पाटबंधारे खात्यातून निवृत्त होऊन दहा वर्षं झाली. वय ६८, मुक्काम नागपूर. आजोबांच्या ट्रंकेत मोडी कागद आहेत, ते वाचावे म्हणून मोडीच्या वर्गाला गेलो. सराव रोज तासभर करतो, पण लक्षात राहत नाही. वर्गातली तरुण मुलं पुढे गेली. वय आडवं येतंय का?*

आपल्या पत्राचं अक्षर पाहूनच आपण सराव मनापासून करत असाल हे कळलं. वय थोडं आडवं येतं, पण विसरणं हे वयाचं लक्षण नाही. हर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकानं निरर्थक अक्षरांच्या याद्या पाठ करून स्वतःवरच प्रयोग केले आणि १८८५ साली निष्कर्ष मांडले. शिकलेल्याचा मोठा भाग पहिल्या दिवसातच निसटतो आणि मध्ये दिवस टाकून उजळणी केली की कमी कष्टांत टिकतं, असं त्याला आढळलं. प्रयोग करताना तो तिशीच्या आगेमागे होता.

माझी शंका आहे की तो एक तास आपण नमुना समोर ठेवून बघून लिहिता. त्यात हात चालतो, आठवण चालत नाही. नमुना पालथा घाला, आठवेल तेवढं लिहा, अडेल तिथं रिकामी जागा सोडा आणि मग उलटून पाहा. त्या रिकाम्या जागेवर जे अक्षर येतं ते राहतं. तासाचेही तुकडे करा: सकाळी पंधरा मिनिटं, रात्री पंधरा. तेच पान परवा, मग आठवड्यानं.

मोडीत आधी आडवी रेघ ओढून तिला अक्षरं लोंबवत जातात आणि हात शक्यतो उचलत नाहीत. म्हणून ती डोळ्यांपेक्षा मनगटानं शिकावी लागते. वाचताना अडचण अशी, की शब्द सुटे नसतात, विरामचिन्हं नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो. त्यावर उपाय आपल्या ट्रंकेतच आहे. वर्गाच्या पुस्तकातला उतारा सोडा आणि घरचा एक कागद घ्या. त्यात आजोबांचं नाव असणारच, गावाचं नाव असणारच, गावाच्या नावाआधी “मौजे” असेल, “अमक्याचा मुलगा” या अर्थी “बिन” असेल. आधी फक्त ती नावं शोधा. एका नावात पाच-सहा अक्षरं पक्की होतात, आणि ती अक्षरं पुढच्या ओळीत आपणहून दिसू लागतात. दिवसाला एक ओळ पुरे. मूळ कागदाला हात कमी लावा. त्याचा फोटो काढून मोठा करून घ्या. आणि वाचलेली ओळ रात्री जेवताना घरात कुणालातरी सांगा, नातवंडाला सांगा. त्याच्या खापरपणजोबांनी कुणाकडून किती रुपये घेतले होते, हे ऐकायला ते पोर रोज येऊन बसेल.

“सासूबाई म्हणतात, माझ्या नशिबात नाही”

*ताई, आम्ही अकोले तालुक्यातले. सासूबाई ६३ वर्षांच्या, शाळेची पायरी चढल्या नाहीत, अंगठा उठवतात. मागच्या महिन्यात संगमनेरच्या स्टँडवर गर्दीत कुणाला विचारता आलं नाही आणि अकोल्याच्या गाडीऐवजी कोपरगावच्या गाडीत बसल्या. रात्री उशिरा घरी आल्या. दुसऱ्या दिवशी मला म्हणाल्या, “मला अक्षर शिकव.” मी बारावी झाले आहे. पाटी आणली, पण हात वळत नाही, पेन्सिल मोडते, मग त्या “माझ्या नशिबात नाही” म्हणून पाटी सारून देतात. कशी शिकवू?*

तुझ्या सासूबाईंना माझा नमस्कार सांग. ज्या बाईनं तो प्रवास केला आणि सकाळी उठून रडण्याऐवजी “शिकव” म्हटलं, तिला अक्षर येणारच.

आधी डोळे तपासून आण. आमच्या वाडीत मी दोन हिवाळे बायकांचा वर्ग घेतला. अकरा जणी होत्या. पहिल्या आठवड्यात मला वाटलं, चौघींना काहीच कळत नाही. शेवटी त्यांना जवळचं दिसतच नव्हतं असं निघालं. चश्मे आले आणि महिन्याभरात त्या चौघी इतरांच्या बरोबरीला आल्या. त्यांच्या चाळिशीतच चश्मा द्यायला हवा होता, पण ज्या बाईला वाचायचं नाही तिला चश्मा कशाला, असं घरोघरी धरलेलं असतं.

पेन्सिल मोडते ती चिडण्यानं नाही. पन्नास वर्षं त्या हातानं खुरपं धरलंय, विळा धरलाय. खुरपं मुठीत धरून दाबलं तरच माती फुटते. त्या मुठीला पेन्सिल मिळाली की ती तसंच दाबते. पाटी बाजूला ठेव. परात घे, तिच्यात बाजरीचं पीठ पातळ पसर, पोळपाटावर पसरतो तेवढंच. सासूबाईंचं बोट तुझ्या हातात धर आणि त्या पिठात एक उभी रेघ ओढ. पिठाला जोर लागत नाही, आणि ते त्यांच्या ओळखीचं आहे. आमच्याकडे एक आजी होत्या. पाटीवर महिनाभर त्यांचा “ग” उभा राहिला नव्हता. परातीत दुसऱ्याच दिवशी उमटला. त्यांनी बोट उचललं, अक्षराकडे बघितलं आणि पदरानं तोंड झाकून घेतलं. आम्ही कुणीच काही बोललो नाही. मग त्यांनी परात हलवून अक्षर मोडलं आणि पुन्हा काढलं, सलग नऊ वेळा. चुकलं तर परात हलवली की झालं, खोडल्याची खूणही राहत नाही. ज्यांना आयुष्यभर “तुला काय कळतंय” ऐकावं लागलं, त्यांना ही परात फार मोठा धीर देते.

अ, आ, इ पासून सुरू करू नकोस. साक्षरतेच्या वर्गांत ग, म, भ, न ही अक्षरं आधी घेतात, कारण ती सोपी आहेत आणि त्यांचे लगेच शब्द होतात. तुझं तर नशीब बघ: “संगमनेर” लिहून पाहा. त्यात ग आहे, म आहे, न आहे. तीन अक्षरं आली की स्टँडवरची पाटी अर्धी वाचून झाली. त्यानंतर “अकोले”. आणि मग मुद्दाम “कोपरगाव” शेजारी काढ. दोन्हींत “को” आहे. गर्दीत त्या फसल्या त्यात नवल नाही, अक्षर येणाराही घाईत फसतो. अकोल्याच्या पाटीत आधी “अ” येतो, कोपरगावच्या पाटीची सुरुवातच “को”नं होते, हे त्यांच्या बोटाला कळू दे. बाजाराच्या दिवशी दहा मिनिटं लवकर जा आणि स्टँडवर उभं राहून गाड्यांच्या पाट्या वाचा. तू आधी बोलू नकोस. त्यांना वेळ लागेल. थांब.

वेळ दुपारची धर. ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यात फांगणे गाव आहे. तिथं ८ मार्च २०१६ ला आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठीपासून नव्वदीपर्यंतच्या आज्या गुलाबी साड्या नेसून, दप्तर घेऊन तिथं जात. ती शाळाही दुपारीच भरायची, घरातली कामं आवरल्यावर. सासूबाई थोड्या सरावल्या की गावच्या जिल्हा परिषद शाळेत चौकशी कर. नवभारत साक्षरता कार्यक्रमात पंधरा वर्षांवरच्या निरक्षरांची नोंदणी होते आणि शेवटी १५० गुणांची चाचणी असते: वाचन ५०, लेखन ५०, अंकज्ञान ५०. अंकज्ञानाची काळजी नको, बाजारात त्यांना आजवर कुणी फसवलं नसेल.

जमलं तर शेजारच्या एका आजींनाही बोलावून घे. दोघी असल्या की एकमेकींची परात बघतात आणि सुनेसमोर चुकण्याचा संकोच जातो. धडा झाला की पीठ चाळून डब्यात भर, संध्याकाळच्या भाकरीला ते चालतं.